ख्रिस ब्राउनवर इतक्या केसेस होऊनही त्याची गाणी चार्टवर वर कशी काय येत राहतात?

तुमचा प्रश्न वाचून आधी थोडं ओशाळल्यासारखंच झालं. मी ठाण्यात हिप-हॉप शिकवते आणि कितीतरी वर्षं नव्या बॅचचा पहिला तास ख्रिस ब्राउनच्या 'रन इट'वरच घेते. ठेका इतका स्वच्छ आहे की ज्याला काउंट म्हणजे काय हे माहीत नाही, त्याचाही पाय पाच-सहा-सात-आठवर आपोआप पडतो. २००५ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे दर आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पाच आठवडे पहिलं होतं. गाणारा तेव्हा सोळा वर्षांचा, व्हर्जिनियातल्या टॅपाहॅनॉक नावाच्या छोट्याशा गावचा.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेलच. ८ फेब्रुवारी २००९, ग्रॅमी या संगीत पुरस्कारांचा दिवस. रात्री त्याची तेव्हाची मैत्रीण, गायिका रिहाना आणि तो, दोघं स्टेजवर दिसणार होते. दोघंही आले नाहीत, कारण त्याच दिवशी पहाटे गाडीत त्याने तिला मारहाण केली होती. जूनमध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि ऑगस्टमध्ये शिक्षा झाली: पाच वर्षं प्रोबेशन, सहा महिने अंगमेहनतीचं काम आणि वर्षभर समुपदेशन. लोकांचा गोंधळ इथेच होतो असं मला वाटतं. 'शिक्षा झाली' म्हटलं की आपल्याला गजांआडचा माणूस दिसतो. प्रोबेशनवरचा माणूस अटी पाळून गातो, रेकॉर्डिंग करतो, कोर्टाच्या परवानगीने दौरेही करतो. कोर्टाने त्याचा धंदा बंद केलेला नव्हता.

मग धंद्यातल्या लोकांनी केला का? काहींनी केला. 'फॉरेव्हर' हे त्याचं २००८ मधलं गाणं खरं तर डबलमिंट च्युइंगमच्या जाहिरातीचंच लांबवलेलं रूप होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रिग्ली कंपनीने मारहाणीनंतर ती जाहिरात थांबवली. डिसेंबर २००९ मध्ये आलेला अल्बमही फारसा चालला नाही.

पण त्याच वर्षीच्या जुलैमधली गोष्ट ऐका. मिनेसोटातल्या एका जोडप्याच्या लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर आला. चर्चमध्ये काळे गॉगल लावलेली वऱ्हाडी मंडळी नाचत आत येतात, मागून नवरा कोलांटी मारत येतो, आणि गाणं कुठलं, तर 'फॉरेव्हर'. व्हिडिओ जगभर फिरला. सोनी म्युझिकने तो उतरवायला लावला नाही, उलट त्यावर 'गाणं विकत घ्या' अशी लिंक टाकली. मारहाणीला सहा महिनेही झाले नव्हते आणि वर्षभराचं जुनं गाणं पुन्हा खपायला लागलं. त्या जोडप्याला बिचाऱ्यांना ते टोचलं असावं, कारण त्यांनी लोकांना घरगुती हिंसाचार रोखणाऱ्या कामासाठी देणगी द्यायचं आवाहन केलं. तो व्हिडिओ मी तेव्हा निदान वीस वेळा पाहिला असेल. एकदाही मनात आलं नाही की हे गाणं कोणाचं आहे.

मार्च २०११ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात त्याला जुन्या प्रकरणाबद्दल विचारलं गेलं. मुलाखत संपल्यावर त्याने मेकअप रूममध्ये आदळआपट केली, खिडकीची काच फुटली. बाहेर न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर! त्या आठवड्यात त्याचा 'एफ.ए.एम.ई.' हा अल्बम बाजारात आला होता, आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचा पहिला नंबर वन अल्बम. पुढच्या फेब्रुवारीत त्यालाच ग्रॅमी मिळालं, तेही मारहाणीला जेमतेम तीन वर्षं होत असताना, त्याच समारंभात.

२०१३ मध्ये वॉशिंग्टनला हॉटेलबाहेर मारामारी, अटक, मग पुनर्वसन केंद्र, तिथून हकालपट्टी, आणि २०१४ मध्ये मार्चपासून जूनपर्यंत खरोखरचा तुरुंग. तो आत असताना त्याचं 'लॉयल' हे गाणं चार्टवर चढत होतं. शेवटी नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

आता हे जमतं कसं? हॉट १०० मध्ये तीन गोष्टींची बेरीज असते: विक्री, रेडिओवरचं वाजणं आणि स्ट्रीमिंग. यात माणसाला नापास करायचा रकाना कुठेच नाही. शिवाय स्ट्रीमिंग आल्यापासून ऐकणं खासगी झालं. दुकानात जाऊन कव्हरवर त्याचा चेहरा असलेली सीडी काउंटरवर ठेवायला जेवढा धीर लागायचा, तेवढा कानात इअरफोन घालायला लागत नाही.

त्यात त्याची स्वतःची हुशारी आहेच. २०१७ चा त्याचा अल्बम आहे ४५ गाण्यांचा. गंमत नाही, पंचेचाळीस! तेव्हाचा हिशेब असा होता की १,५०० वेळा गाणी वाजली की एक अल्बम विकला असं धरायचं. बारा गाण्यांचा अल्बम असेल तर त्यासाठी तो १२५ वेळा पूर्ण ऐकला जायला हवा. पंचेचाळीस गाण्यांचा असेल तर ३४ वेळा पुरे. शिवाय मोठी नावं त्याच्यासोबत गात राहिली. ज्या रॅपर ड्रेकच्या टोळक्याशी २०१२ मध्ये नाइटक्लबमध्ये राडा झाला होता, त्याच ड्रेकबरोबरचं 'नो गायडन्स' २०१९ मध्ये पाचव्या क्रमांकावर गेलं.

आणि खरं सांगायचं तर तो नाचतो भन्नाट. हे मला मान्य करावंच लागतं, माझं पोट त्यावर आहे. त्याच्या पिढीत एकाच वेळी गाऊन असं नाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्याला किंमत मोजावी लागली ती सरहद्दीवर. २०१० मध्ये ब्रिटनने प्रवेश नाकारला, तिथले कार्यक्रम रद्द झाले. २०१५ चा ऑस्ट्रेलिया दौराही व्हिसापायी बारगळला. जिथे एका अधिकाऱ्याला कागदावर हो किंवा नाही लिहायचं असतं, तिथे जुनं प्रकरण आठवतं. कोट्यवधी श्रोत्यांना असा कागद कोणी देत नाही. पुढे ब्रिटनचं दार उघडलं, पण २०२५ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या हॉटेलात पुन्हा अटक झाली, लंडनच्या क्लबमधल्या २०२३ च्या कथित मारहाणीबद्दल. आरोप त्याने नाकारले. जामिनाची हमी ५० लाख पौंडांची, आणि ती भरून तो ठरलेल्या दौऱ्यावर गेलासुद्धा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याला दुसऱ्यांदा ग्रॅमी मिळालं होतं.

अमेरिकन लोकांना नावं ठेवायची आपल्याला तशी सोय नाही. येरवड्यातून संजय दत्त सुटला तेव्हा फुलं घेऊन कोण उभं होतं?

दोन वर्षांपूर्वी गॅदरिंगसाठी मी 'फॉरेव्हर' बसवत होते. दहावीतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली, बुटाची लेस बांधत खाली बघूनच म्हणाली, "ताई, हा तोच ना, रिहानाला मारलेला?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग आम्ही पहिल्या रांगेतल्या सगळ्या मुलीच आहोत." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी गाणं बदललं. आठ दिवसांत सगळं नव्याने बसवावं लागलं, आणि नवीन गाणं त्याच्या निम्म्यानेही रंगलं नाही.

वॉर्म-अपच्या यादीत 'रन इट' मात्र अजून आहे. काढायचं म्हणते आणि राहून जातं.