वाटीखालची कळ आणि एमआरआयचा कागद

प्रश्न : वय ३६. साताऱ्यात राहते, रोज सकाळी अजिंक्यतारा चढते. चार महिने झाले, गड उतरताना उजव्या गुडघ्यात पुढून, वाटीच्या खाली दुखतं. खाली बसून पोळ्या लाटल्या की उठताना कळ येते. एमआरआयमध्ये ‘कॉन्ड्रोमलेशिया पटेला ग्रेड २’ आणि ‘हॉफा फॅट पॅड इडिमा’ असं आलंय. शेजारच्या काकू म्हणतात, वंगण संपलं. ऑपरेशन लागेल का?

उत्तर : ताई, काकूंना सांगा, वंगण शाबूत आहे. मी रेडिऑलॉजिस्ट, असे रिपोर्ट रोज लिहिते. त्या शब्दांनी माणसं घाबरतात याचं थोडं पाप माझ्याही माथी आहे.

पहिला शब्द, ‘कॉन्ड्रोमलेशिया पटेला’, म्हणजे वाटीच्या मागची कूर्चा, हाडावरचं गुळगुळीत आवरण, मऊ पडून झिजणं. ही कूर्चा शरीरातली सगळ्यात जाड. ग्रेड २ म्हणजे तिची झीज अर्ध्या जाडीच्या आतच आहे. हाड उघडं पडतं ते ग्रेड ४ ला. एवढी झीज कधीच न दुखलेल्या गुडघ्यांतही सापडते.

मला दुसरा शब्द जास्त बोलका वाटतो. वाटीखाली चरबीची छोटी गादी असते, तीच ‘हॉफा फॅट पॅड’; ‘इडिमा’ म्हणजे तिची सूज. तिच्यात नसा भरपूर, म्हणून ती दुखतेही फार. आम्ही चरबीचा उजळपणा मुद्दाम मारून चित्रं काढतो, ‘फॅट-सॅट’. त्यात निरोगी गादी काळसर दिसते आणि सूज पांढरी चमकते. ती नेमकी कुठे चमकते ते बघायचं. रिपोर्टात ‘सुपेरोलॅटरल’ शब्द आहे का? असेल तर वाटी हलताना गादीचा वरचा, बाहेरचा कोपरा चिमटीत सापडत असावा. मग वाटी मुळातच वर बसली आहे का, ती ज्या खोबणीत सरकते ती उथळ आहे का, हेही त्याच चित्रांत मोजता येतं.

पण एक गोची आहे. मशीनमध्ये तुम्ही पाय सरळ ठेवून निवांत पडलेल्या असता आणि दुखतं ते गुडघा वाकवून, अंगाचा भार घेऊन उतरताना. तो क्षण चित्रात येत नाही. म्हणून गुडघा हाताने तपासणं सुटत नाही.

नुसत्या या दोन ओळींवर ऑपरेशन कुणी करू नये. फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम शिका, ते निदान तीन महिने करा. गड तूर्त बंद, पोळ्या ओट्यावर. गुडघा अडकला, सुजला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री झोपमोड झाली, तर मात्र थांबू नका.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, सीडी न्या. ती गादी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.