वाचकांचे प्रश्न : परळचे ‘अप्पर वरळी’ कसे झाले?

प्रश्न : माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर (कापड विणण्याच्या मागावर) होते आणि गाववाल्यांबरोबर डिलाईल रोडवरील गाळ्यात राहत. गेल्या महिन्यात चुलतभावाकडे गेलो, तेव्हा त्याच भागातील एका बिल्डरच्या फलकावर ‘अप्पर वरळी’ असे वाचले. पब आणि कॅफे आले म्हणून भाव चढले व आपली माणसे उठली, असे भावाचे मत आहे. आता त्याची चाळही पुनर्विकासात जात आहे. त्याचे म्हणणे खरे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या भावाने पाहिले ते खरे आहे, मात्र क्रम उलटा लावला आहे, कॅफे आले ते सर्वांत शेवटी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि गिरण्या खिळखिळ्या झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली, ती ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला, या अटीवर. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जमिनीची ठरली, आणि गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. खरी उलथापालथ ‘मोकळ्या’ या एका शब्दाने केली, असे माझे मत आहे. शेडमध्ये कार्यालये आली, मॉल उभे राहिले, आणि संध्याकाळी कार्यालयांतून सुटणाऱ्या तरुणांसाठी पब. फिनिक्स गिरणीची चिमणी मात्र मॉलच्या आवारात अजून उभी आहे.

पबवाला तर स्वतःच भाडेकरू असतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार संपला आणि मालकाने वाढीव भाडे मागितले की तो दुसरीकडे जागा शोधू लागतो आणि त्याच्यामागे गिऱ्हाईकही जाते. फॅशन अशी मोहल्ले बदलते. जमिनीचा चढलेला भाव मात्र तिच्यामागे जात नाही. (कामगारांच्या वस्तीत पैसेवाले येऊन भाव चढणे आणि मूळची माणसे उठणे, याला इंग्रजीत जेंट्रिफिकेशन म्हणतात, १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधील कामगारवस्त्यांविषयी लिहिताना हा शब्द घडवला. लंडनमध्ये वस्ती घरागणिक बदलली, आपल्याकडे आवारेच्या आवारे एकदम.)

भावाच्या बाबतीत अधिक काळजीपूर्वक पाहावे लागेल. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळीतील पागडीच्या, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणाऱ्या, भाडेकरूला पुनर्विकासात किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते, म्हणजे कागदावर त्याला कोणीच उठवत नाही. परंतु जिथे महिन्याचे भाडे किरकोळ होते, तिथे लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षक यांचा मेंटेनन्स हजारांत येतो. शिवाय खालचा वाणी जाऊन तिथे बेकरी येते, खाणावळ बंद पडते, आणि दोन-चार वर्षांत ते घर भाड्याने देऊन किंवा विकून मंडळी डोंबिवली, विरार गाठतात. तेव्हा सही करण्यापूर्वी कॉर्पस फंड (पुढील देखभालीसाठी बिल्डर देतो ती ठेव) किती, तो कोणाच्या नावे ठेवणार, आणि किती वर्षांचा मेंटेनन्स त्यातून भागेल, हे भावाने करारात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर राहू नये.