स्थितिज आणि गतिज ऊर्जा खेळातून कशी समजवावी?

नववीतल्या मुलीला स्थितिज (उंचीमुळे साठलेली) आणि गतिज (वेगामुळे असलेली) ऊर्जेची दोन्ही सूत्रं पाठ आहेत, पण वर फेकलेला चेंडू टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा त्याची ऊर्जा जाते कुठे, हे तिला पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिची शंका रास्त आहे. थांबलेल्या चेंडूकडे बघून ऊर्जा दिसत नाही, तो खाली आला की दिसते. म्हणून मी तरी वर फेकण्यापासून नाही, खाली सोडण्यापासून सुरुवात करेन.

टेनिस बॉल, टेप आणि स्लो मोशन असलेला मोबाइल पुरे. भिंतीवर फरशीपासून 2 मीटरवर खूण करा. बॉलचा तळ खुणेला लावा आणि बोटं नुसती उघडा. इथेच बहुतेकांचं चुकतं: सोडताना नकळत हात खाली जातो, बॉलला जास्तीचा वेग मिळतो आणि उसळी फसवी येते. दुसरी चूक मोबाइलची. तो उसळीच्या उंचीवर, साधारण 1.1 मीटरवर धरा. वरून किंवा खालून बघितलं तर आकडा चुकतो. वाचायचं तेही बॉलच्या तळाशी. पाच वेळा करून सरासरी घ्या.

58 ग्रॅमच्या बॉलची 2 मीटरवर स्थितिज ऊर्जा (किलोमधलं वस्तुमान × गुरुत्वत्वरण × मीटरमधली उंची) 0.058 × 9.8 × 2, म्हणजे 1.14 ज्यूल. फरशीला टेकण्याआधी ती जवळजवळ सगळी गतिज झालेली असते, वेग ताशी साडेबावीस किलोमीटर. 160 ग्रॅमचा सीझन बॉल सोडला तर वेग तोच, ऊर्जा मात्र पावणेतीनपट. पायावर पडला तर फरक लगेच कळतो!

आता उसळी. टेनिसच्या नियमांनुसार नेहमीचा बॉल 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला की 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. म्हणजे 53 ते 58 टक्के ऊर्जा परत मिळते. वस्तुमान लागतच नाही, दोन उंचींचं गुणोत्तर हेच ऊर्जेचं गुणोत्तर. उरलेली ऊर्जा संपत नाही. दबून पुन्हा फुगताना रबर तापतं, थोडी आवाजात जाते. मातीवर टाकलात तर माती खचण्यातही जाते. तोच बॉल तासभर फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा सोडा, उसळी कमी भरेल.

मग मैदानात या. हातांच्या वर 20 मीटर उडालेला सीझन बॉल कॅचला येतो तेव्हा, हवेचा विरोध सोडला तर, वेग ताशी 71 किलोमीटर आणि ऊर्जा 31 ज्यूल असते. ही ऊर्जा हातांना शोषावीच लागते. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे ऊर्जेच्या धड्यातच आहे. हात ताठ ठेवून बॉल 5 सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल सुमारे 630 न्यूटन, जणू 64 किलोचं ओझं तळव्यावर. हात बॉलबरोबर 30 सेंटिमीटर मागे घेतले तर 105 न्यूटन. ऊर्जा तीच, बल सहापट कमी. ‘हात सैल सोड’ असं कोच ओरडतो ते याचसाठी. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू आधी फावड्याने भुसभुशीत करतात, त्यातही हेच गणित आहे.

मुलीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. सरळ वर फेकलेल्या बॉलची गतिज ऊर्जा टोकाला शून्य होते आणि तितकीच स्थितिज ऊर्जा जमा झालेली असते. खाली येताना तीच वेग बनून परत मिळते. पण सिक्सरचं तसं नाही, आणि इथे भलेभले चुकतात. ताशी 108 किलोमीटरने, 45 अंशात मारलेल्या बॉलला बॅट सोडताना 72 ज्यूल मिळतात. हवेचा विरोध सोडला तर टोकाला, सुमारे 23 मीटरवर, 36 ज्यूल स्थितिज असतात आणि 36 गतिजच राहतात, कारण बॉल वर चढायचा थांबला तरी सीमारेषेकडे जातच असतो. तेव्हा पेपरात ‘सर्वोच्च बिंदूवर गतिज ऊर्जा शून्य’ लिहिण्याआधी प्रश्नात ‘सरळ वर’ असं म्हटलंय का, हे तिला नीट वाचायला सांगा.