परदेशातले शौकीन स्वतः बनवलेले आकाशातले फटाके उडवून त्यांचे निकाल एकमेकांना दाखवतात. आपल्या गावात हे करता येईल का?

बनवायचं म्हणाल तर नाही. नळीतून वर जाऊन आकाशात फुटणाऱ्या गोळ्याचं मोजमाप करून निकाल मांडायचे म्हणाल तर खुशाल करा, आणि त्या लोकांच्या नादातली खरी मजा मला तरी त्यातच दिसते.

तुम्ही लिहिलंय की गावातल्या पोट्ट्यांनी अमेरिका आणि माल्टाचे व्हिडिओ पाहिलेत आणि यंदा रावणदहनाला घरीच गोळे बनवायचं त्यांच्या डोक्यात आहे. मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्या दसरा मंडळात आतषबाजीचं काम माझ्याकडे असतं. परवानावाला ठेकेदार धरणं, परवानगीसाठी चकरा मारणं आणि उडवायच्या वेळी लोकांना दोराच्या मागे ठेवणं, एवढंच ते काम. त्यातलं शेवटचं सर्वांत अवघड, कारण पहिला गोळा वर गेला की पाटील काय अन् पोट्टे काय, सगळेच दोर ओलांडतात.

बनवण्याचा विषय आधी संपवतो. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम लागू आहेत. शोभेची दारू बनवायला परवाना लागतोच, हौसेसाठी वेगळी सूट नाही. बिनपरवाना बनवली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथे धंदा न करता स्वतःपुरतं बनवणाऱ्याला केंद्राचा उत्पादन परवाना लागत नाही, मात्र साठवण आणि वाहतुकीचे नियम त्यालाही पाळावे लागतात, राज्याराज्याचे कायदे निराळेच. शिवाय तिथल्या हौशी लोकांची १९६९ पासूनची संघटना आहे, तिचं दरवर्षी अधिवेशन भरतं, स्पर्धा होतात, नवा माणूस जुन्याच्या हाताखाली शिकतो. व्हिडिओत दिसतात ते शेवटचे दहा सेकंद. आणि गंमत बघा, आपल्याकडचे हे नियम ज्या पेसोकडे, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे आहेत, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. कमी प्रदूषण करणाऱ्या हरित फटाक्यांचा मसाला ज्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढला तीही नागपूरचीच. म्हणजे याबाबतीत विदर्भाला दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही.

पोट्ट्यांना कायद्याची भीती वाटत नसेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. जुनी माणसं क्लोरेट आणि गंधकाच्या मसाल्याचं कौतुक सांगतात, ते मिश्रण भारतात १९९२ पासून बंद आहे, कारण घासल्याने, आपटल्याने ते हातातच पेट घेऊ शकतं. दुसरी गोष्ट कार्बाइडच्या पाइपगनची, म्हणजे कार्बाइडवर पाणी टाकून निघालेल्या गॅसचा पाइपात बार काढतात तिची. माकडं अन् रानडुकरं हाकलायला ती आपल्याकडे कित्येकांच्या शेतात आहे आणि तिला कुणी फटाका समजतही नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने शंभरावर लोकांच्या डोळ्यांना इजा केली, त्यात बहुतेक लहान पोरं होती.

आता निकालांकडे येतो. हौशी माणूस गोळा उडवल्यावर ‘भारी होता’ एवढं म्हणून थांबत नाही. गोळा कुठे फुटला हे तो आधी बघतो. नळीतून सुटलेला गोळा वर जाता जाता मंदावतो आणि क्षणभर जवळजवळ थांबतो, तिथेच तो फुटायला हवा. आधी फुटला तर सगळं फूल वरच्या बाजूला ओढल्यासारखं दिसतं, उशिरा फुटला तर खाली लोंबतं. ३ इंची, म्हणजे ३ इंच व्यासाच्या गोळ्याला वर पोचायला ३ सेकंदांच्या आसपास लागतात. मग गोलाई बघायची. जपानी पद्धतीचा गोळा चेंडूसारखा असतो आणि तो कुठल्याही बाजूने पाहिला तरी गोलच उमलला पाहिजे. इटली-माल्टाकडे डब्यासारखे उभे गोळे बनवतात, ते एकाच उड्डाणात टप्प्याटप्प्याने अनेकदा फुटतात. तिथे गोलाईपेक्षा एकदा फुटल्यावर पुन्हा फुटेपर्यंतची वेळ नेमकी आहे का हे पाहतात. तारे, म्हणजे गोळ्यात भरलेल्या मसाल्याच्या ज्या गोळ्या जळत रंग देतात त्या, सगळे पेटले का हेही मोजतात. फुलात एका बाजूला काळी फट दिसली तर तिथले तारे न पेटताच गेले असं समजायचं. जपानी लोक ताऱ्यामागे सोनेरी शेपूट राहिलं तर त्या फुलाला शेवंती म्हणतात, शेपूट नसलेल्या नुसत्या रंगाच्या ठिपक्यांचं फूल वेगळ्या नावाचं. तिकडे अकिता प्रांतात ओमागारीला १९१० पासून कारागिरांची स्पर्धा चालत आली आहे. तिच्यात दिवसाउजेडी रंगीत धुराच्या फटाक्यांचाही वेगळा सामना असतो.

यातलं काहीही करायला बारूद हाती घ्यावी लागत नाही. ठेकेदाराने आणलेला गोळा तुम्ही मोजू शकता. उंचीचंच घ्या. नळीपासून १२० मीटरवर मोबाइल तिपाईवर लावा, अंतर पावलांनी नाही, टेपने मोजा. व्हिडिओत गोळा उघडल्याचा उजेड आणि त्याचा आवाज यांच्यामध्ये किती फ्रेम गेल्या ते मोजा. ऑक्टोबरच्या संध्याकाळी आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत १३ फ्रेम आल्या तर गोळा मोबाइलपासून तिरप्या रेषेत सुमारे १५० मीटरवर होता. शाळेतल्या पायथागोरसने हिशेब करा: पाया १२०, कर्ण १५०, म्हणून उंची ९० मीटर. गोळ्याच्या दर इंचाला १०० फूट असा ढोबळ आडाखा या क्षेत्रातले लोक वापरतात, ३ इंचीला तो ९० मीटरच्या जवळच येतो. यात एक मेख आहे. एका फ्रेमची चूक झाली की कर्ण साडेअकरा मीटरने हलतो आणि उंची जवळजवळ १९ ने. म्हणून १२० फ्रेमवर घ्या, आणि तुमचा मोबाइल स्लो मोशनमध्ये आवाज गाळत नाही ना ते आधी टाळी वाजवून तपासा. एकाच मापाचे तीन-चार गोळे मोजून सरासरी काढली की आकडा बऱ्यापैकी टिकतो. गणिताच्या सरांना सोबत घ्या, त्यांना आयतं प्रात्यक्षिक मिळेल.

रंगाचा निकाल मोबाइलवरून देऊ नका, निदान एक्स्पोजर लॉक करून खाली ओढल्याशिवाय तरी नको. मोबाइल अंधार बघून चित्र उजळ करतो आणि लाल-हिरवं सगळं पांढरं होतं. साधा कॅमेरा असेल तर आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८ ते ११, शटर दोन-चार सेकंद उघडं. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. गडद निळा कुठेच सहज मिळत नाही, कारण ज्वाला जास्त तापली की निळा उजेड देणारं तांब्याचं संयुगच मोडतं. स्पर्धेत त्याला मान आहे तो यामुळे. आणि व्हिडिओतला झगझगीत हिरवा आपल्या गोळ्यात दिसला नाही तर ठेकेदाराशी भांडू नका. तो हिरवा बेरियमचा, आणि बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बंदी घातली आहे. उलट फारच लखलखीत हिरवा दिसला तर माल कुठला ते विचारा.

जागा निवडताना नागपूरच्या कस्तुरचंद पार्कसारखं मैदान डोळ्यासमोर आणू नका. दसऱ्याच्या सुमारास आपल्या गावांभोवती सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या असतात, कुणाच्या घरात पहिल्या वेच्याचा कापूस येऊन पडलेला असतो, गोठ्याला पऱ्हाटीचं कूड असतं. अमेरिकी मानकात गोळ्याच्या दर इंचाला ७० फूट अंतर सांगितलंय, ३ इंचीला ते ६४ मीटर होतं. पण ते माणसांसाठी. जळता कागद वाऱ्याने त्याच्या पलीकडेही जातो. आम्ही वाऱ्याच्या दिशेला एकही गंजी नसेल अशीच जागा धरतो, आणि ज्याची गंजी जवळ आहे त्याला आधीच सांगून पाण्याचा टँकर तिच्यापाशी उभा करतो. वारा फिरला तर कार्यक्रम थांबवायचा, हे पैसे देण्याआधीच ठेकेदाराशी ठरवून घ्या. मग तो ऐनवेळी तोंड वाकडं करत नाही.

परवानगीचं तहसीलला आणि ठाण्यात महिनाभर आधी विचारा, कारण दसऱ्याच्या आठवड्यात तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. ठेकेदाराच्या परवान्याची प्रत मागा, नुसता फोटो नको. न फुटलेले गोळे त्याच रात्री बॅटरी लावून शोधायचे आणि उजाडल्यावर पुन्हा एकदा, आणि हे काम ठेकेदाराच्याच माणसांनी करायचं. नाहीतर सकाळी शाळेच्या आधी पोरं तिथे पोचतात आणि उरलेली बारूद खरवडून डब्यात भरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर एक मोठा माणूस बसवून ठेवा. तुमच्या त्या हौशी पोट्ट्यांपैकी एक दोघांना त्याच्यासोबत बसवलं तरी चालेल, हातात वही द्या म्हणजे रात्रीचे आकडेही तिथेच लिहून होतील.