सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांची क्विझ देताना

पहिल्या क्विझमध्ये दहापैकी चारच आले म्हणून हिरमुसू नकोस. गाणी तुझ्या कानात आहेत, घोळ सालांचा होतोय. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च घे: अल्बम डिसेंबर १९७६ चा, सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, १९७७ मधलं. प्रश्न कशाबद्दल आहे ते नीट वाच, मगच बटण दाब. घाईत मी अजूनही तिथेच माती खातो.

दुसरा सापळा मूळ गायकाचा. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' म्हटलं की सगळे व्हिटनी ह्यूस्टन लिहून मोकळे! तिचं आलं १९९२ मध्ये. मूळ गाणं डॉली पार्टनचं, १९७४ चं, लिहिलंयही तिनेच.

सराव करताना पर्याय झाकून ठेव. सुरुवातीचे दहा सेकंद ऐकून कलाकार आणि साल कागदावर लिही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला सुरुवातीला नुसते आवाज, वाद्य नाही. तेवढ्यावरून ओळखता आलं पाहिजे.

सालांच्या याद्या घोकू नकोस, डोक्यात तीन खुंट्या ठोक. १९७० मध्ये बीटल्स हा बँड फुटला, १९७४ मध्ये 'वॉटर्लू' गाऊन ॲबा या बँडने युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली, १९७७ च्या ऑगस्टमध्ये गायक एल्विस प्रेस्ली गेला. बाकीची गाणी याच्या अलीकडची की पलीकडची, एवढंच आधी ठरव. डिस्को सध्या राहू दे, तिथे सगळ्यांचीच गल्लत होते.