ॲब्स्टिनन्स म्हणजे फक्त ब्रह्मचर्य का?

नाही भावा, तेवढंच नाही. आमच्या तालमीत पैलवानाला लंगोटाचा पक्का म्हणतात ते एक झालं, आणि श्रावणात तांबडा-पांढरा बंद ठेवतो तेपण त्यातलंच, ठरवून लांब राहणं. डॉक्टर म्हणतात तेव्हा शरीरसंबंध पूर्ण टाळणं, त्यात गर्भ राहायचा प्रश्नच नाही, पण एचआयव्ही संबंधाशिवाय दूषित सुईतूनपण होतो हे ध्यानात ठेव.

दारूचं मात्र वेगळं हाय. माझ्या चुलत्यांनी वीस वर्षांची रोजची दारू एका दिवसात सोडली, दुसऱ्या रात्री हात एवढे थरथरायला लागले की चहाचा कप बशीवर वाजत होता, आणि पहाटे फिट आली. पहिले चार-पाच दिवस लई धोक्याचे असतात, त्यामुळं रोज पिणाऱ्यानं आधी डॉक्टरला दाखवून, गोळ्या चालू करूनच सोडायची.