'देख लेंगे'वर विसंबू नकोस, आवक क्रमांक घे

तू इथे आजी गेल्याचं लिहिलंस, ते वाचून वाईट वाटलं. तेराव्यापर्यंत ग्वाल्हेरला राहिलीस ते योग्यच केलंस. त्यावरून कॉलेजात कोणी टोमणा मारला तर ऐकून सोडून दे.

तुझी अडचण मला कळली ती अशी: पहिल्या सेमिस्टरचं मॅथ्स-वन, त्यात कॅल्क्युलस चालू, तेवढ्यात दुसरी मिड-सेम (सेमिस्टरच्या मधली टेस्ट) हुकली, हजेरी ७१ टक्क्यांवर आली. नियमांच्या कागदावर 'पूर्वपरवानगीशिवाय फेरपरीक्षा नाही' असं छापलंय. सरांना भेटलीस तर ते म्हणाले, 'देख लेंगे.' आता यंदा विषय सोडून पुढच्या वर्षी द्यावा का, असं विचारतेस.

सोडू नकोस. पण खरं सांगू का, मी लिहायला बसलो ते त्या 'देख लेंगे'मुळे. हेच दोन शब्द मी पहिल्या वर्षाला ऐकले होते आणि चौथ्या वर्षापर्यंत त्यांची भरपाई करत होतो. (वयाने तुझा काका लागेन, म्हणून तू म्हणतोय.)

कागद नीट वाच वगैरे सांगत नाही, तू तो वाचलेला दिसतोय. मी वाचला नव्हता. २०१०ची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी दोन पानी झेरॉक्स वाटली होती, ती मी रजिस्टरच्या मागच्या कव्हरात खोचली आणि विसरलो. नियम मला सीनियर्सकडून माहीत होते, होस्टेलच्या मेसमध्ये सगळे सांगायचे: 'दोन मिड-सेम असतात, त्यातली चांगली धरतात.' पहिल्या टेस्टला २० पैकी १७ मिळाले होते. म्हणजे आपलं काम झालं!

ऑक्टोबरात टायफॉइड झाला. सुदामानगरला घरी अठरा दिवस पडून होतो, दुसरी टेस्ट त्यातच गेली. तीन असाइनमेंट उशिरा दिल्या. मी निवांत. नंतर कळलं की 'चांगली धरतात' हा आदल्या वर्षीचा नियम होता. आमच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: दोन्हींची सरासरी, गैरहजर म्हणजे शून्य, आजारपणाचा अर्ज सात दिवसांच्या आत, उशिराच्या असाइनमेंटला शून्य. हिशोब करून बघ. १७ आणि ०, सरासरी साडेआठ. असाइनमेंटच्या दहापैकी तीन. बेरीज साडेअकरा. इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत गुणांना) ३० पैकी १२ हवेत, आणि तेही स्वतंत्रपणे. अर्ध्या गुणाने गेलो. लेखी पेपरात ७० पैकी ५२ होते, त्यांचा काही उपयोग झाला नाही.

यात मजा अशी की अर्ज मी वेळेत दिला होता! चौथ्या दिवशी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून, मफलर गुंडाळून कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी कागद हातातसुद्धा घेतला नाही, 'डिपार्टमेंट में दो.' डिपार्टमेंटने सांगितलं, परीक्षा विभागात. परीक्षा विभाग जेवायला गेलेला. शेवटी माझे टीचर गार्जियन (आम्हा काही मुलांवर लक्ष ठेवायला नेमलेले सर) जिन्यात भेटले. त्यांनी डॉक्टरांचं मूळ प्रमाणपत्र आणि अर्ज घेतला, हातातल्या हजेरीपटात ठेवला आणि म्हणाले, 'आराम करो बेटा, देख लेंगे.' माणूस चांगला होता हो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आजही मानतो. पण त्यांची डिसेंबरात बदली झाली आणि तो हजेरीपट कुठे गेला ते देवाला ठाऊक.

जानेवारीत यादी लागली, माझ्या नावापुढे 'एबी', म्हणजे गैरहजर. पुन्हा तीच खिडकी. या वेळी बाबा आत आले होते. बाबूंनी आवकचं (आलेल्या कागदांची नंबरवार नोंद ठेवायचं) लांबलचक रजिस्टर उघडलं, चहाचा ग्लास त्याच्यावर ठेवला म्हणजे पान उलटायला नको, आणि बोट फिरवत विचारलं, 'आवक नंबर बताओ.' माझ्याकडे नंबर नव्हता. पावती नव्हती. अर्जाची झेरॉक्ससुद्धा काढली नव्हती. 'फिर दिया ही नहीं होगा.' बाबांनी तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसून लोकांच्या स्लिपांवर शिक्के मारले होते. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, 'पावती कुठाय?' बाहेर आल्यावर एक शब्द बोलले नाहीत. घरापर्यंत स्कूटरवर मागे बसून मी त्यांची मान बघत होतो.

डॉक्टरांकडून दुसरं प्रमाणपत्र आणलं तर त्यावर तारीख जानेवारीची. 'अब तो मार्क्स आगे चले गए.' परीक्षा विभाग म्हणे डिपार्टमेंटने लिहून द्यावं, डिपार्टमेंट म्हणे परीक्षा विभागाने मागावं. मी मार्चपर्यंत खेटे घातले. कॉलेजचं नाव सांगत नाही, विचारूही नका, ते बाबूही केव्हाच रिटायर झालेत. पुढच्या वर्षी ज्युनियर्सबरोबर इंटर्नल पुन्हा दिलं. शेवटच्या वर्षी दोन कंपन्यांनी 'एकही बॅक लागलेला नको' (कुठल्याच विषयात कधी नापास नको) अशी अट घातली, तिथे मला बसूसुद्धा दिलं नाही. असो. जुनी रड आहे, पण लिहिल्यावर बरं वाटतं.

आता तुझं. आजच अर्ज लिही, उद्यावर टाकू नकोस. दोन प्रती काढ. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. मूळ कागद कोणालाही देऊ नकोस, झेरॉक्स दे आणि मूळ फक्त दाखव. आजींच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि ग्वाल्हेरच्या तिकिटाचा मेसेज जोड. सकाळी साडेअकरा ते एकच्या दरम्यान जा, त्याआधी साहेब नसतात आणि नंतर जेवण असतं. शिक्का मारायला कां कू केली तर भांडू नकोस, जीपीओत (मोठ्या पोस्टात) जाऊन प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्ट कर, त्याची पावती हाही पुरावाच. त्याच दिवशी सरांच्या कॉलेजच्या मेलवर दोन ओळी टाक: 'आज भेटले, अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक.' सरांवर अविश्वास म्हणून नव्हे. त्यांना पुढे काही करायचं झालं तर त्यांनाही हातात कागद लागतोच.

अर्जात एक वाक्य घाल की मृत्यू अचानक झाल्यामुळे पूर्वपरवानगी घेणं शक्य नव्हतं. ती अट बहुधा लग्नं आणि ट्रिपा डोक्यात धरून लिहिलेली असते. आणि फक्त फेरपरीक्षा मागू नकोस. शिक्षकाला नवा पेपर काढायचा म्हणजे परवानग्या लागतात, म्हणून तो टाळतो. 'फेरपरीक्षा, किंवा नियमात बसत असल्यास पहिल्या टेस्टचे गुण त्याच प्रमाणात धरावेत' असं लिही. त्यांना हो म्हणायला जागा ठेव. तुझ्या कॉलेजात हे चालेलच असं मी म्हणत नाही, स्वायत्त कॉलेजांचे नियम निराळे असतात. मी वकील नाही आणि प्राध्यापकही नाही.

हजेरीला घाबरू नकोस, आकडेमोड कर. आठवड्याला तीन लेक्चर आणि एक ट्युटोरियल असेल तर सोळा आठवड्यांत ४८ लेक्चर होतात, ७५ टक्के म्हणजे ३६. आतापर्यंत २८ पैकी २० भरली असतील तर ७१ टक्के बरोबर येतात. उरलेल्या वीसपैकी सोळा भर. म्हणजे चारच बुडवता येतील. पण ट्युटोरियलची हजेरी वेगळी धरतात की एकत्र, हे विचार, कारण आमच्याकडे तिथेच तीन मुलं डिटेन झाली होती, म्हणजे त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं.

बाकीच्या नियमांबद्दल तू कुरकुर केलीस, त्यावर माझं मत आवडणार नाही. कॅल्क्युलेटर बंदी चांगली आहे. माझ्या मित्राने, एक्स शून्याकडे जाताना, साइन एक्स भागिले एक्सची सीमा कॅल्क्युलेटरवर 'तपासली', उत्तर ०.०१७४५ आलं, आणि त्याने पाठ असलेलं बरोबर उत्तर, १, खोडून ते लिहिलं! यंत्र डिग्रीवर होतं. कॅल्क्युलसमध्ये कोन रेडियनमध्ये असतो, हे त्याला ठाऊक होतं, बटणाला नव्हतं.

'पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण नाहीत' हा नियम तर मला आता फार पटतो. बारावीच्या सीबीएसई पेपरात ८० पैकी ३५ गुण कॅल्क्युलसचेच असतात, त्यामुळे पहिल्या वर्षाला सगळ्यांना वाटतं की हे तर झालंय. तिथेच फसतात. हे बघ: वजा एकपासून एकपर्यंत, एक भागिले एक्सवर्गचं इंटिग्रेशन. बारावीच्या सवयीने केलंस तर वजा एक भागिले एक्स, वरची-खालची किंमत घातली, उत्तर वजा दोन. आता फंक्शन बघ, ते सगळीकडे धन आहे. धन वक्राखालचं क्षेत्रफळ ऋण कसं येईल? मध्ये शून्यावर फंक्शन फुटतं, ते इम्प्रॉपर इंटिग्रल आहे, दोन तुकडे करून सीमा घ्यावी लागते आणि ती अनंताकडे जाते. मिड-सेममध्ये असलं एक गणित हटकून येतं, निदान आमच्याकडे यायचं. रोलचं प्रमेय लावतानाही आधी तीन अटी लिही: बंद अंतरावर सलग, आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह, दोन्ही टोकांना सारखी किंमत. वजा एक ते एकमध्ये मॉड एक्स घेतलंस तर टोकं सारखी आहेत, पण शून्यावर टोकदार कोपरा आहे, म्हणून प्रमेय लागत नाही. अटी न लिहिता थेट उत्तर लिहिणाऱ्यांचे गुण इथे जातात आणि मग ते पेपर तपासणाऱ्याला शिव्या देतात.

लॉपिटालच्या नियमाचंही (सीमा काढताना वर-खाली डेरिव्हेटिव्ह घ्यायचं) तसंच. वर एक्स अधिक साइन एक्स, खाली एक्स, आणि एक्स अनंताकडे. वर-खाली डेरिव्हेटिव्ह घेतलंस तर एक अधिक कॉस एक्स, जे हेलकावतच राहतं. म्हणून सीमा नाही असं लिहू नकोस. साधं एक्सने भाग, उत्तर १. नियम तिथे लागू होत नाही एवढंच.

असाइनमेंट सीनियरच्या फाइलवरून उतरवू नकोस. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवतो, पण त्या फाइलींत चुकाही पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेल्या असतात आणि तपासणाऱ्याला त्या पाठ असतात.

समजा अर्ज देऊनही काही हललं नाही. मग यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. फक्त 'पेपर पुन्हा तपासा' एवढ्याचसाठी लोकपाल सहसा हात घालत नाही, तिथे ठोस अनियमितता दाखवावी लागते. तुझ्याकडे आवक क्रमांक असेल आणि तरीही 'एबी' लागलं, तर दाखवायला काहीतरी असेल. माहितीचा अधिकार वगैरे लगेच काढू नकोस, दहा रुपयांचा अर्ज असला तरी पहिल्या सेमला त्याने वातावरण उगाच तापतं. आधी एचओडींना (विभागप्रमुखांना) शांतपणे भेट. शक्य झाल्यास आईला किंवा बाबांना बरोबर ने. मोठं माणूस सोबत असलं की खिडकीची भाषा बदलते. हे अन्यायाचं आहे, पण आहे.

शिक्का मिळाला की इथे कळव, म्हणजे मलाही झोप लागेल. फूरिये सिरीजच्या शंका टाकून ठेव, रविवारी सकाळी बघतो. शनिवारी मुलीची युनिट टेस्ट आहे, तिला अपूर्णांक येत नाहीयेत.